आरोग्य विचारा : पाळी बदलली की झोप का पळते?

प्रश्न : वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत पॅकिंगला आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळीहून साडेसातला घरी येतो, आठला आडवा होतो, पण अकरालाच जाग येते. रात्री पाच-सहा कप चहा होतो. काय करावं? – वाचक, फोंडा

उत्तर : झोप मोडते यात तुमचा दोष नाही. शरीराचं तापमान सकाळपासून चढत जातं, आणि गाढ झोपेला ते उतरावं लागतं. त्यात वेर्ण्याहून बोरी पुलापर्यंत येताना पूर्वेचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. मेंदूतलं घड्याळ या उजेडावरच लागतं, म्हणून मेंदू ‘दिवस सुरू झाला’ असंच धरून चालतो. कंपनीच्या बसने येत असाल तर बसमध्ये काळा चष्मा लावा. दुचाकीवर असाल आणि डोळे मिटत असतील तर चष्म्याचा विचार सोडा. आधी कंपनीतच वीस मिनिटं डोळा लावा, उठल्यावर दहा मिनिटं जाऊ द्या, मगच किल्ली फिरवा.

घरी आल्यावर भरपेट शीतकढी (भात-कालवण) नको, पण उपाशीही झोपू नका, भुकेनेही अकराला जाग येते. वाटीभर पेज आणि चेपणीच्या तोराची (मिठात मुरवलेल्या कैरीची) फोड पुरे. खिडकीला पातळ पडदा असेल तर त्यावर जाड काळं कापड लावा, फटी राहू देऊ नका. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा आणि मासळीवालीची हाक थांबवता येणार नाही. पंखा मोठा ठेवला की त्याच्या एकसुरी आवाजात ती बरीच विरते.

सलग आठ तासांचा हट्ट सोडा. सव्वाआठ ते साडेबारा एक झोप, आणि दहाच्या पाळीआधी सहा ते साडेसात दुसरी. साडेसातला उठायचंच. झोपेतून उठून लगेच गाडीवर बसलं तर पहिला अर्धा तास डोकं सुन्न असतं.

चहाचं गणित साधं आहे. त्यातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारचा कप आठला, तुम्ही अंथरुणात शिरता तेव्हा, अर्ध्याहून अधिक अंगात असतो. एक कप पाळी सुरू होताना, दुसरा बाराच्या सुमारास, शेवटचा फार तर दोनला. जेवण घरून निघण्याआधी. मध्यरात्री कँटीनमध्ये ताट भरलं की पोट जड होतं, आम्लपित्त उसळतं. पहाटे तीन ते पाच ही सतर्कतेची सर्वात खालची वेळ. बॅच नंबर चुकणं, लाइन क्लिअरन्समध्ये (नव्या बॅचआधी पॅकिंगची लाइन रिकामी झाल्याची तपासणी) जुनं लेबल राहणं अशा चुकांना तेव्हाच वाव मिळतो. ती तपासणी दोघांनी करा, उभ्याने करा.

शेवटच्या रात्रीनंतर चारपर्यंत झोपण्याची चूक बहुतेक जण करतात. साडेअकराला उठून बाहेर उजेडात फिरा, रात्री साडेनऊला अंथरूण धरा. कंपनीत विचारता आलं तर सकाळ, दुपार, रात्र असा क्रम मागा. आपलं अंतर्गत घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. उलटा क्रम म्हणूनच छळतो. आणि एक : रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास, कॅलेंडरवरची तारीख नव्हे.

मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पाळी बदलताना त्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. झोपेची गोळी मनाने घेऊ नका.

प्रश्न : पणजीच्या अल्तिनो टेकडीवरच्या कार्यालयात लॅपटॉपवर काम करते. बसस्थानकावरून रोज पायलट (भाड्याची मोटारसायकल) करते. मान आखडते, व्यायामाला वेळ नाही. – वाचिका, म्हापसा

उत्तर : लॅपटॉपची रचनाच मानेला वैरी. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात उंच जातात, हात खाली ठेवले तर मान वाकते. वेगळा कीबोर्ड मागून घ्या, लॅपटॉप जाड फाइलींवर इतका उचला की वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल, कोपर काटकोनात. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उभ्या राहा.

व्यायामासाठी सकाळचा पायलट सोडा, टेकडीखालच्या मळा भागातून चालत चढा, असं सांगणं सोपं आहे. पण मेमध्ये घामाने भिजून कार्यालय गाठणं कोणालाच परवडत नाही, तेव्हा सकाळी पायलटच करा आणि संध्याकाळी तीच वाट चालत उतरा. गुडघे दुखत असतील तर उतारावर पावलं लहान ठेवा.