रोमचा इतिहास वाचताना लॅटिन शब्द कसे लक्षात ठेवू?

प्रश्न: नमस्कार. मी रेवदंड्याला राहते, इतिहासात बी.ए. झालंय. सध्या रोमचा इतिहास वाचतेय आणि सोबत लॅटिनही सुरू केलंय. मोबाईलवर यादी घेऊन रोज शब्द पाठ करते, पण आठवड्याने पाटी कोरी. आधी इतिहास संपवू की शब्द?

उत्तर: दोन्ही एकत्रच चालू द्या, फक्त ती यादी बंद करा. एक प्रसंग घ्यायचा आणि त्याचेच शब्द शिकायचे. तुम्ही समुद्राकाठच्या, म्हणून मी तर म्हणेन पहिल्या प्युनिक युद्धापासून, म्हणजे रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्या पहिल्या युद्धापासून सुरुवात करा, इ.स.पू. 264 ते 241. रोमन तोवर जमिनीवर लढणारे आणि समोर कार्थेजचं तगडं आरमार, मग ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की हाती लागलेलं कार्थेजचं एक जहाज बघून त्यांनी तशीच शंभर मोठी जहाजं बांधली, वल्हेकऱ्यांना तर किनाऱ्यावरच बाकांवर बसवून सराव दिला, आणि 260 मध्ये सिसिलीजवळ मायलीला समुद्रात लढाई जिंकलीसुद्धा! हे वाचल्यावर नाविस म्हणजे जहाज, मारे समुद्र, रेमुस वल्हं, नाउता खलाशी, हे शब्द त्या गोष्टीसकट डोक्यात बसतात.

पण वहीत नुसता शब्द लिहू नका, षष्ठीचं रूप आणि लिंग सोबत हवंच. राजा म्हणजे रेक्स, पण षष्ठीत रेगिस, आणि पुढची सगळी रूपं त्या रेगिसवरून होतात, ते माहीत नसेल तर वाक्यात राजा आला तरी ओळखू येणार नाही. लिंग मराठीवरून ठरवायला जाऊ नका, आपलं ते जहाज तर त्यांची ती नाविस, आपला तो समुद्र तर त्यांचं ते मारे. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर विभक्ती जड जाणार नाहीत.

मग त्याच प्रसंगावर छोटी वाक्यं करा: रोमानी नावेस आइदिफिकान्त, रोमन जहाजं बांधतात. एत (आणि), सेद (पण), कुम (सोबत, जेव्हा) असे बारके शब्द मात्र वेगळे पाठ करा, ते पानोपानी येतात.

आणि हो, तुमच्या शेजारचं चौल! पेरिप्लस या जुन्या सागरी व्यापाराच्या ग्रंथातलं सेमिल्ला बंदर म्हणजे चौल असं अभ्यासक मानतात, पण तो ग्रंथ ग्रीकमध्ये आहे. लॅटिनमध्ये भारताच्या व्यापाराबद्दल वाचायचं तर रोमन लेखक प्लिनी, त्याने काळ्या मिरीचा भाव पौंडाला 4 देनारी (रोमन चांदीची नाणी) असा लिहून ठेवलाय. त्याची वाक्यं नवख्याला झेपत नाहीत, व्याकरण पक्कं झालं की घ्या. मिरीचा शब्द आत्ताच वहीत टाका: पिपेर, पिपेरिस, नपुंसकलिंगी.