कुत्र्याचे थेंब मांजराला?

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडे शेरू कुत्रा आणि चिंगी मांजर आहे. शेरूला पिसवा झाल्या म्हणून मानेवर टाकायचे थेंब आणले. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा खाजवणं सुरू! औषध बोगस होतं का? एक नळी उरली आहे, त्यातलं अर्धं चिंगीला टाकू का? ती झोपते तिथे तांदळाच्या कणीसारखं काहीतरी पडलेलं असतं, तेही त्याने जाईल का?

उत्तर : चिंगीचं आधी सांगते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. ती नळी तिच्यासाठी फोडू नका. अर्धी नाही, थेंबभरही नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच थेंबांत पर्मेथ्रीन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याचं शरीर ते पचवतं, मांजराचं यकृत पचवू शकत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, उपचाराला उशीर झाला तर मांजर दगावतं. माझ्याकडे अशी एक मांजर आली होती. तिला कुणी काही लावलंच नव्हतं. नुकतंच औषध टाकलेल्या कुत्र्याच्या कुशीत ती झोपली होती, एवढंच. टेबलावर ठेवली तेव्हा तिचे कान सारखे फडफडत होते आणि पाय जागेवर ठरत नव्हते. घरच्यांनी औषधाचं रिकामं खोकं बरोबर आणलं होतं म्हणून निदानात वेळ गेला नाही. ती वाचली. तुमच्या खोक्यावरही पर्मेथ्रीन लिहिलेलं असेल, तर शेरूचंही औषध बदलून घ्या.

आता बोगसपणाचं. औषधावर आळ घेण्याआधी शेरूचं अंथरूण उचलून पाहा. अंगावर फिरणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पसाऱ्याच्या जेमतेम ५ टक्के. बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात सतरंजीत, सोफ्याच्या फटीत. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते आणि ती केसांना चिकटून राहत नाहीत. कुत्रा जिथे अंग झाडतो तिथे सांडतात. कोषातली पिसू तर महिनोन्‌महिने दबा धरून बसते. ऊब किंवा पावलांची थरथर जाणवली की बाहेर. बंद घर बऱ्याच दिवसांनी उघडलं की पोटऱ्यांवर पिसवा तुटून पडतात, त्या याच. कोषात औषध फारसं पोचत नाही. म्हणून अंथरुणं ६० अंशांच्या पाण्यात धुवायची, व्हॅक्यूम रोज फिरवायचा, आणि घरातल्या प्रत्येक प्राण्याला आपापलं औषध निदान तीन महिने न चुकता द्यायचं. लोक दुसऱ्या महिन्यात कंटाळतात आणि मग मला बोल लावतात!

पिसवा दिसत नसतील तर बारीक फणीने विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

तांदळाची कणी म्हणताय ते टेपवर्म या पोटातल्या जंताचे तुकडे. ताजे असतील तर हलतातही. पिसवेची अळी या जंताची अंडी खाते, आणि अंग चाटताना चिंगी ती पिसू गिळते. पिसवांच्या साध्या थेंबांनी हा जंत मरत नाही. त्याला प्राझिक्वांटेल लागतं, मात्रा वजन करून. पण नुसता जंत मारून पिसवा तशाच ठेवल्या, तर काही आठवड्यांत कणी परत हजर.

प्रश्न : कुत्र्याच्या कानात गोचीड आहे. रॉकेल लावलं की सुटतो म्हणतात.

उत्तर : रॉकेल नको, तेल नको, काडीचा चटका तर नकोच. त्रासलेला गोचीड उलट जखमेत लाळ ओकू शकतो आणि रोगाचे जंतू त्या लाळेतूनच येतात. बारीक चिमट्याने कातडीलगत धरा आणि सरळ, सावकाश ओढा. बोटांनी चिरडू नका. पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा : ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा लघवी लालसर झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.