'हं', 'अंहं', 'च्च्': हुंकार आणि होकार

प्रश्न असा आहे : 'हं', 'अंहं', 'अं?', 'च्च्' यांना शब्द म्हणायचं की नुसते आवाज? आणि एकच 'हं' कधी होकार, कधी प्रश्न, तर कधी दम कसा होतो?

व्याकरणाच्या पुस्तकांनी यांची सोय केवलप्रयोगी अव्ययांत लावली आहे. 'हां' संमतिदर्शक, 'अंहं' आणि 'ऊंहूं' विरोधदर्शक, वगैरे. मागचं गृहीत असं, की भावनेच्या भरात तोंडून निसटतात ते हे उद्गार. (संस्कृतात 'उद्गार' म्हणजे ढेकरही, त्यामुळे कल्पना तशी जुनीच.) 'ईऽ' किंवा 'हुश्श'बद्दल हे पटतं, 'हं'बद्दल नाही. एकटं बसून कुणी 'हं, हं' करत नाही. तो समोर बोलणाऱ्यासाठी असतो, आणि मराठीत त्या कामाला नेमकं नाव आहे : हुंकार देणे.

हुंकार म्हणजे होकार नव्हे, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. बोलणारा वाक्याच्या मध्ये किंचित थांबला की ऐकणारा 'हं' म्हणतो. त्याचा अर्थ 'पोचलं, पुढे बोल, मी मध्ये पडत नाही' एवढाच. सांगणाऱ्याचं सगळं पटलं, असं त्यात काही नसतं. मग 'तेव्हा तर हं हं करत होतास!' हे भांडण उभं राहतं. ओळखायची खूण सोपी आहे. कथन चालू असताना पडलेला 'हं' हुंकार, आणि 'येशील ना?' असा प्रश्न पुरा झाल्यावर आलेला 'हं' होकार. आवाज तोच, जागा वेगळी. 'हांऽ' मात्र वेगळा. तोंड उघडतं, स्वर लांबतो आणि 'आत्ता कळलं' असा अर्थ येतो. त्यानंतर बहुधा ऐकणाराच बोलू लागतो. दमाचा 'हं' तुटक असतो, सूर खाली आपटतो. 'आता पुरे, हं!' असा तो वाक्याच्या शेपटीलाही येतो, आणि 'छान झालंय हं' मध्ये तोच लाडिक होतो.

हुंकार काढून घेतला तर काय होतं, हे मानसशास्त्रज्ञ जॅनेट बॅव्हलस आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तपासलं. ऐकणाऱ्यांना सांगणाऱ्याचे 'टी' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे शब्द मोजायला लावले. मोजण्याच्या नादात त्यांचे प्रतिसाद आटले, आणि सांगणाऱ्यांची गोष्टच बिघडली, विशेषतः शेवट. फोनवर हुंकार थांबला की 'ऐकतोयस ना?' येतं, ते याचमुळे. व्हिडिओ कॉलमध्ये दुखणं उलटं असतं : आवाज उशिरा पोचतो, 'हं' पुढच्या वाक्यावर आदळतो आणि सांगणाऱ्याला वाटतं की आपल्याला तोडलं.

'अं?' हा तर जगभर फिरलेला गडी. मार्क डिंगेमान्से, फ्रान्सिस्को तोरेरा आणि निक एनफील्ड या भाषाशास्त्रज्ञांनी २०१३ साली ३१ भाषांची तुलना केली. 'काय म्हणालात?' या अर्थाचा छोटा उच्चार सगळीकडे जवळपास सारखाच निघाला : सैल जिभेचा स्वर, आधी फार तर 'ह' किंवा कंठातला अटकाव. (या कामाला २०१५ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं.) पण तो शिंकेसारखा आपोआप येत नाही. प्रत्येक भाषेत स्वर थोडा निराळा आहे, आणि सूर बहुतेक ठिकाणी चढतो, तर आइसलँडिकमध्ये उतरतो. म्हणजे तो शिकावा लागतो, आणि माझ्या मते शब्द म्हणायला एवढं पुरे. वापरताना एक लक्षात ठेवा : 'अं?' म्हटलं की समोरचा अख्खं वाक्य पुन्हा म्हणतो. एकच शब्द निसटला असेल तर 'कुठे?' किंवा 'कधी?' विचारलेलं बरं.

प्रश्नचिन्ह गळून स्वर लांबला की तोच 'अंऽ' होतो, आणि काम पालटतं. संभाषणात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, तर एखादा शब्द मनात जुळवायलाच सुमारे ६०० लागतात. उत्तराची तयारी प्रश्न चालू असतानाच करावी लागते. ती जमली नाही की 'अंऽ' बोलण्याची पाळी राखून ठेवतो. होकार पटकन येतो आणि नकार रेंगाळतो, हे सगळ्यांना सवयीने माहीत असल्याने 'येशील ना?' नंतरचा 'अंऽ' निम्मा नकार म्हणूनच ऐकला जातो.

'च्च्'चं मात्र वर्णमालेत घरच नाही. 'च' म्हणताना हवा बाहेर जाते. या आवाजात जिभेचं टोक दातांमागे आणि मागचा भाग टाळूला चिकटतो, मधली पोकळी वाढते आणि टोक सुटताच हवा आत ओढली जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत असे आवाज चक्क व्यंजनं आहेत. मराठीत ते शब्दात शिरत नाहीत, पण क्रियापदं देऊन गेले आहेत. दोन-तीनदा केलं की हळहळ, म्हणून 'चुकचुकणे'. गोंजारण्यासाठी केलं की 'चुचकारणे'. एकदाच, तुटक केलं की नकार किंवा वैताग, त्याला आपण 'च्यक्' लिहितो.

लिहिताना खरी पंचाईत 'अंहं'ची. नकारात पहिला ठोका चढा आणि दुसरा उतरता, होकारी 'अंहां'त उलट. मुलाखत उतरवून घेताना सूर कागदावर येत नाही, म्हणून नकार नेहमी 'अंहं' आणि होकार 'हं' किंवा 'अंहां' असा ठरवून लिहावा, आणि शंका असेल तिथे कंसात 'नकारार्थी' टाकावं. मिटल्या तोंडाच्या आवाजाला 'ह्म्म्', लांबीसाठी अवग्रह : 'हंऽ'. चंद्रबिंदू वापरू नये, कारण 'हँ' दिसलं की मराठी वाचक ते 'हॅं' वाचतो, आणि त्याने भलताच तिरस्कार उमटतो.