पैशाचं नंतर बोलू

प्रिय पैलवान,

तुझा मेसेज वाचला, व्हिडिओही सगळे पाहिले. दुहेरी पट झकास आहे. पाय हाताला लागल्यावर तू थांबत नाहीस, खांद्यानं रेटत नेतोस. हे शिकवून येत नाही. पण प्रत्येक पटाला तुझं डोकं खाली जातं आणि मान समोरच्याच्या काखेत राहते. मॅटवर ते खपून जातं. केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या (मार आणि कुस्ती दोन्ही चालणाऱ्या मिश्र लढतीच्या) जाळीच्या पिंजऱ्यात, त्याच मानेला हाताचा वेढा घालून तो गिलोटिन लावेल, आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत तुझी शुद्ध जाईल. तेव्हा सहा आठवड्यांनंतरच्या त्या व्यावसायिक लढतीला हो म्हणू का, या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो: नको.

चिडशील, माहीत आहे. तुझ्या वयाच्या पोराला 'थांब' म्हणणारा माणूस भित्रा वाटतो. तरी पुढचं वाच.

तालमीनं तुला जे दिलंय ते जगातल्या कुठल्याही जिमवाल्याला हेवा वाटावं असं आहे: मान, कंबर, तोल, पहाटे उठायची सवय. एमएमएमध्ये लढत उभ्यानं चालू ठेवायची की खाली न्यायची, हे बऱ्याचदा कुस्तीगीरच ठरवतो. पण तालमीच्या काही सवयी इथं उलट्या पडतात. आपल्याकडे पाठ टेकली की खेळ खलास. म्हणून पडतापडता तू वळतोस आणि पोटावर येतोस. चितपट वाचवायला ते बरोबर. केजमध्ये पोटावर आलास की समोरचा पाठीवर स्वार होतो, दोन्ही पाय तुझ्या कमरेत अडकवतो आणि मागून गळ्यात हात घालतो. रिअर नेकेड चोक म्हणतात तो हाच, आणि तो भल्याभल्या कुस्तीगीरांना लागतो, कारण पाठ देणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. तुला पाठीवर पडून शांत राहायला शिकावं लागेल. गुडघे मध्ये आण, त्याचं मनगट धर, जाळीपर्यंत सरक, जाळीला पाठ लावून उठ. पहिले काही महिने अगदी लाजिरवाणं वाटतं. तुझ्या निम्म्या ताकदीचा जिउजित्सूवाला, म्हणजे जमिनीवरच्या पकडींत तयार झालेला गडी, तुला पुन्हा पुन्हा टॅप करायला, हात आपटून हार मानायला, लावेल. लावू दे. आणि टॅप करताना तालमीतला 'मेलो तरी सोडणार नाही' हा बाणा घरी ठेव. टाच पिरगळायच्या हील हुक डावात तर दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचं लिगामेंट गेलेलं असू शकतं.

दमाचंही बघ. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. इथं पाच-पाच मिनिटांच्या तीन, किताबाची लढत असेल तर पाच, मध्ये फक्त एक मिनिट. तुझ्या शेवटच्या व्हिडिओत चौथ्या मिनिटाला तुझे हात छातीपर्यंत उतरलेत. ग्लोव्ह जेमतेम चार औंसाचे, म्हणजे सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाहीत. असे ग्लोव्ह घालून मारणाऱ्यासमोर हात उतरले तर काय होतं, ते तुला सांगायला नको.

भरत खंडारेचं नाव तू मेसेजमध्ये लिहिलंस. लिहायलाच हवं, मुंबईचा, कुस्तीतून आलेला, आणि यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संघटनेनं करारबद्ध केलेला भारतातला पहिला लढवय्या. २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये तो उतरला. समोर सोंग यादोंग, वय १९. पहिल्याच फेरीत गिलोटिन, लढत संपली. तोच सोंग पुढे बँटमवेट या वजनगटातला आघाडीचा लढवय्या झाला. यावरून भरतला नावं ठेवणारे लोक मला सहन होत नाहीत. ज्या वाटेवर आधी कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं तिथून तो तिथवर गेला. तू फक्त एवढंच बघ की तिथं समोर येणारा १९ वर्षांचा पोरगासुद्धा लहानपणापासून मार देत-घेत मोठा झालेला असतो.

त्यानंतर डेहराडूनचा अंशुल जुबली 'रोड टू यूएफसी' ही यूएफसीच्या प्रवेशाची स्पर्धा जिंकून फेब्रुवारी २०२३ मध्ये आत गेला, तोवर अपराजित. ऑक्टोबरमध्ये अबू धाबीला माइक ब्रीडनकडून तिसऱ्या फेरीत नॉकआउट झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सिडनीत १९ सेकंदांत लढत गमावली. यूएफसीत भारताचा पहिला विजय आला जून २०२४ मध्ये, लुईव्हिलला, उत्तर प्रदेशातल्या बुढाण्याच्या पूजा तोमरकडून. ती वुशूतून, या चिनी लढाऊ खेळातून, आलेली, राष्ट्रीय विजेती. लाथा-बुक्क्यांचा हिशेब तिनं केजच्या बाहेर, नियमांच्या चौकटीत, वर्षानुवर्षं केला होता. यूएफसीचा रशियन विजेता खबीब, त्याचं उदाहरण तू देशीलच. २९ लढती, २९ विजय, आणि सगळा खेळ कुस्तीचा. पण तो कॉम्बॅट सांबोचा, म्हणजे मार चालणाऱ्या रशियन कुस्तीचा, विश्वविजेताही होता. वरून मारत मारत दाबायचं कसं, हे यूएफसीत येण्याआधीच त्याच्या हाडांत होतं.

म्हणून आधी हौशी लढती. हौशीत तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या असतात, नडगीला पॅड असतात, ग्लोव्ह जाड असतात, कोपर मारायला बंदी असते. तिथं हरलास तर शिकलास. व्यावसायिक लढतीतली हार मात्र इंटरनेटवर तुझ्या नावापुढे कायमची लागते, आणि लढती जुळवणारा मॅचमेकर आधी तो आकडा बघतो, मग तुझा पट. मैदानं भरवणारे काही लोक आपल्या आवडत्या पोराला सोपे गडी देऊन त्याचा आकडा फुगवतात. ज्यानं तुला फोन केला त्याला विचार, त्याचा माणूस किती लढती लढलाय. मला वाटतं या हिशेबातला सोपा गडी तू आहेस. आठ-दहा हौशी लढती होऊ देत, त्यात निदान दोन डावखुऱ्यांशी आणि एक तुझ्यापेक्षा चांगल्या कुस्तीगीराशी. जपानमधल्या आयची-नागोयाच्या २०२६ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत एमएमएचा समावेश झालाय. त्यामुळे हौशी खेळाला आता निव्वळ शिकाऊंचा वर्ग म्हणण्याचं कारण उरलेलं नाही.

आता डोक्याचं. हा भाग दोनदा वाच.

'रोज फुल स्पारिंग करतो, परवा चक्कर आली होती पण राउंड पूर्ण केला,' असं तू अभिमानानं लिहिलंयस. फुल स्पारिंग म्हणजे सरावात जोडीदाराशी पूर्ण जोरानं मारामारी. चक्कर आल्यावर राउंड पूर्ण करण्यात शौर्य नाही रे. मेंदूला धक्का बसून तो सावरायच्या आत दुसरा बसला तर नुकसान बेरजेपेक्षा मोठं होतं, आणि क्वचित जीवही जातो. नॉकआउट लोकांना दिसतो. त्यापेक्षा सरावात वर्षानुवर्षं बसणारे लहान धक्के मला जास्त छळतात. त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. लास व्हेगासच्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये २०११ पासून व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूचा अभ्यास चाललाय: स्मरणशक्ती, बोलणं, मेंदूच्या भागांचा आकार, सगळं वर्षागणिक मोजतात. डोक्याला वारंवार मार बसून होणारा सीटीई नावाचा जो आजार आहे त्याचं पक्कं निदान माणूस मेल्यावर मेंदू तपासूनच होतं. म्हणजे जिवंतपणी कुठलाही स्कॅन तुला 'आता बस' असं सांगणार नाही. मॅक्स हॉलोवेसारखा विश्वविजेता लढतीआधी स्पारिंगच करत नाही असं उघड सांगू लागला, तेव्हा जुन्या प्रशिक्षकांनी नाकं मुरडली. मी त्या टोकाला जात नाही, नवख्याला थोडं स्पारिंग लागतंच. पण आठवड्यातून एकदा, मोठ्या ग्लोव्हनं, ओळखीच्या आणि डोकं ताब्यात असलेल्या जोडीदाराबरोबर. बाकी दिवस तंत्र, पॅड, जाळीजवळची कुस्ती. जिथं नव्या पोराला पहिल्याच दिवशी बडवून 'हिंमत तपासतात' ते जिम सोड, फी भरलेली असली तरी.

अमेरिकेत नॉकआउट झालेल्या लढवय्याला राज्याचं अ‍ॅथलेटिक कमिशन घरी बसवतं. महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त. त्या काळात सरावातही मार घ्यायचा नाही. आपल्याकडे असा सरकारी पहारेकरी नाही. शनिवारी पडलेला पोरगा तीन आठवड्यांनी दुसऱ्या शहरात दुसऱ्या मैदानात उतरतो आणि कुणी विचारत नाही. तुला विचारणारा कुणीतरी ठरवून ठेव. कोच असेल तर उत्तम, नसेल तर बहीण. तुझ्या बहिणीशी मी एकदाच बोललोय, पण ती ऐकून घेणाऱ्यातली वाटली नाही, आणि या कामाला तसंच माणूस लागतं.

वजनाकडे येतो. तू ७६ किलोवर चालतोस आणि लढत भरवणाऱ्यानं तुला ६५.८ ला बोलावलंय, म्हणजे फेदरवेटला. सहा आठवड्यांत दहा किलो, त्यातलं निम्मं शेवटच्या चार दिवसांत पाणी काढून! कुस्तीत वजन तोडणं तुला नवीन नाही, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. तुला ते नेहमीचं वाटतं. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या लढतीआधी वजन उतरवताना यांग जियान बिंग हा चिनी फ्लायवेट गेला. वय २१. त्यानंतर त्या संस्थेनं पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी आणली आणि लघवीची तपासणी सुरू केली. त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, अमेरिकेत महिना-सव्वा महिन्याच्या अंतरात तीन कॉलेज कुस्तीगीर असेच गेले होते, तेव्हा कुठे तिथले नियम बदलले. जीव वाचला तरी सुकलेल्या शरीरानं मार घेणं हा निराळाच धोका. तू ७० च्या गटात लढ, म्हणजे लाइटवेट, ७०.३. तेही महिनाभर आधीपासून खुराक बदलून. तूप-बदाम थोडे कमी झाल्यानं कुणी पैलवान मेला नाही. आणि मैदानाआधी मेफेंटरमाइनचं, रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन मारणारे तुझ्याही तालमीत असतील. त्यांच्या डब्यातलं, बाटलीतलं, सुईतलं काहीही घेऊ नकोस. यावर जास्त लिहीत नाही, तू शहाणा आहेस.

पैशाचं तू सगळ्यात शेवटी आणि लाजत विचारलंस. खरं तर ते आधी विचारायचं असतं. यूएफसीत नव्याला साधारण १० ते १२ हजार डॉलर लढण्याचे आणि तेवढेच जिंकल्याचे मिळत आलेत. दहा हजार डॉलर म्हणजे नऊ लाखांच्या आसपास रुपये, ऐकायला बरं वाटतं. त्यातून मॅनेजर, कोच, जिम, आठ-दहा आठवड्यांच्या कॅम्पचं राहणं-खाणं. अमेरिकेत लढलास तर तिथला कर आधीच कापून येतो. वर्षात लढती दोन, फार तर तीन. एक खांदा निखळला तर शून्य. ही जगातल्या सगळ्यात मोठ्या संघटनेची गोष्ट झाली, आणि तिथंही लढवय्या पगारी नसतो, कंत्राटी असतो. कमी पैसे मिळतात म्हणून काही लढवय्यांनी २०१४ मध्ये कोर्टात घातलेला दावा २०२५ मध्ये ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. आपल्याकडच्या छोट्या मैदानात तुला देऊ केलेले पंधरा हजार आणि 'नाव होईल', यात नाव त्याच्या पोस्टरचं होईल. जत्रेच्या चांगल्या मैदानात दोन निकाली कुस्त्या करून तू यापेक्षा जास्त इनाम आणलंयस, ते मला तूच सांगितलं होतंस.

पुढे कधी करार हातात आलाच, तर फोनवर अंगठा लावून पाठवू नकोस. छापून घे, वकिलाला दाखव. तालुक्याच्या कोर्टातला चालेल, त्याला केज म्हणजे काय हे माहीत नसलं तरी कलमं कळतात. किती लढती, किती महिन्यांत? तेवढ्यात दुसरीकडे लढायला मोकळीक आहे का? समोरचा ऐनवेळी आला नाही किंवा वजनात बसला नाही तर तुझे पैसे मिळणार का? हात मोडला तर ऑपरेशन कोणाच्या खर्चानं? रुग्णवाहिका आणि डॉक्टर केजच्या बाजूला असणार की 'जवळच हॉस्पिटल आहे'? शेवटच्या प्रश्नाला जो माणूस हसतो त्याच्याकडे लढायचं नाही.

कॉलेज सोडायचा विचार तू एका ओळीत उरकलायस, मी पण एका परिच्छेदात उरकतो. तिसरं वर्ष पूर्ण कर. आणि मॅटवरची कुस्ती सोडू नकोस. राज्य पातळीच्या मेडलवर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात, रेल्वेत, सैन्यात दार उघडतं. एमएमएच्या पट्ट्यावर आज तरी उघडत नाही. नोकरी असलेला लढवय्या वाईट लढतीला नाही म्हणू शकतो. घरभाडं थकलेला म्हणू शकत नाही, हे मी फार जणांच्या बाबतीत पाहिलंय.

तर आता हे कर. लढतीला बोलावणाऱ्या त्या माणसाला तूच फोन कर, मेसेज नको. 'माझी तयारी नाही, वर्षभरानं विचारा' इतकंच सांग. तो चिथावेल, घाबरलास का म्हणेल. हो म्हणून ठेव आणि फोन ठेव. स्पारिंग आजपासून बंद. चक्कर आली होती ना, तर आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि काय झालं ते न लपवता सांग. तो हिरवा कंदील देईपर्यंत फक्त चालणं. मग एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, डोळे, एवढ्या तपासण्या करून फाइल बनव. कुठलंही नीट मैदान ती मागतंच. मानेवर जे गजकर्ण व्हिडिओत दिसतंय ते बरं झाल्याशिवाय कुणाच्याही मॅटवर पाय ठेवायचा नाही, माझ्याही. ते झालं की पुढच्या महिन्यात ये. शनिवारी ये, त्या दिवशी जिउजित्सूवाली पोरं असतात. माउथगार्ड दाताच्या डॉक्टरकडून मापाचा करून आण, दुकानातला नको. राहायची सोय वरच्या खोलीत होईल, जेवण आमच्याकडे. फी पहिले तीन महिने नाही, त्याबदल्यात सकाळच्या बॅचच्या लहान पोरांना तू पट शिकवायचास, पण डोकं वर ठेवून.

तुझा
वस्ताद