झांझिबारच्या गल्लीत वाटाड्या घ्यावा का?

जूनच्या अंकात मी टांझानियाच्या झांझिबार बेटावरच्या स्टोन टाउन या जुन्या शहरातल्या आमच्या चार दिवसांबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथं घेतली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा मुलगा दार-ए-सलामला एका कंपनीत हिशेबाच्या कामाला आहे. डिसेंबरात आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय, त्यात दोन दिवस झांझिबारचे. तिथं जुन्या शहरातून चालत फिरवणारे गाईड असतात असं तुम्ही लिहिलं होतं. मुलगा म्हणतो, मोबाइलवर नकाशा आहे, कशाला पैसे घालवायचे? मी ६६ वर्षांचा, सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. हिचे गुडघे दुखतात. इंग्रजी दोघांचंही जेमतेम. आम्ही गाईड घ्यावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : घ्या, दादा. आणि पहिल्याच दिवशी सकाळी घ्या.

आम्ही नेमकं उलट केलं होतं. पहिल्या दिवशी मी आणि आमचे हे मोबाइल हातात धरून निघालो. बेळगावात गणपत गल्लीत एकीकडून शिरलं की दुसरीकडून बाहेर पडता येतं. तिथं तसं नाही. दोन्ही बाजूंना प्रवाळी दगडाची, चुन्याची उंच घरं, मधे दोन माणसं जेमतेम जातील एवढी वाट, आणि वीस पावलांवर वळण. नकाशावरचा ठिपका या घरावरून त्या घरावर उड्या मारत होता. दीड तासात आम्ही तीनदा एकाच शिंप्याच्या दुकानासमोर आलो. तिसऱ्या वेळी तो बिचारा मशीन थांबवून उठला आणि आम्हाला समुद्रापर्यंत सोडून गेला. तोवर आम्ही घरांचे शंभरेक कोरीव दरवाजे पाहिले असतील, पण त्यातलं काहीच आम्हाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाईड घेतला. तिशीचा मुलगा, जन्म त्याच गल्ल्यांतला. पहिल्याच दरवाज्यापाशी तो थांबला आणि म्हणाला, वरची चौकट बघा. चौकट सरळ असेल तर ओमानी अरबांची पद्धत, वर कमान असेल तर हिंदुस्थानातून आलेल्या व्यापाऱ्यांची. दारावर पितळेचे मोठे टोकदार खिळे होते. हत्तीने धडक देऊ नये म्हणून आपल्याकडे किल्ल्यांच्या दारांना असतात ना, तसेच. झांझिबारात हत्तीची धडक कुठून येणार? ती चाल कारागिरांबरोबर इकडून गेली आणि तिथं शोभेची झाली. एवढं कळल्यावर पुढचा प्रत्येक दरवाजा आम्ही स्वतः वाचायला लागलो. नकाशा हे शिकवत नाही, हे मुलाला सांगा.

आता वहिनींच्या गुडघ्यांचं. स्टोन टाउन सपाट आहे, चढ नाही. शिवाय जुन्या घरांच्या भिंतीला लागून दगडी कट्टे असतात. त्यांना ‘बराझा’ म्हणतात. माणसं संध्याकाळी तिथं बसतात, गप्पा मारतात, अगदी आपल्या ओट्यासारखं. दमलं की टेकायचं, कुणी काही म्हणत नाही. गाईडला निघतानाच सांगा, ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू. सगळा फेरा दोन-अडीच तासांचा असतो, तुम्ही साडेतीन तास गृहीत धरा. आठच्या सुमाराला निघा, अकरानंतर दमट उकाडा सोसवत नाही.

भाषेची काळजी सोडा. गाईड सोपं इंग्रजी बोलतात, आणि स्वाहिलीत आपले शब्द इतके भेटतात की मला भरून आलं होतं. दुकान म्हणजे ‘दुका’, रंग म्हणजे ‘रांगी’, पैसा म्हणजे ‘पेसा’, गाडी म्हणजे ‘गारी’. दराजानी बाजारात मसाल्याच्या गाळ्यावर गाईडने दालचिनीची साल मोडून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला ‘म्दलासिनी’. ही आपल्या आणि त्यांच्या किनाऱ्यांमधली कित्येक शतकांची ये-जा आहे. काही शब्द अरबांबरोबर आले, काही गुजराती आणि कच्छी दुकानदारांबरोबर. तुम्ही वखारीत काम केलेला माणूस, तुम्हाला त्या बाजाराचा वास आणि मापं बघूनच अर्धं कळेल.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. तिथं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. ‘साआ मोजा’, म्हणजे पहिला तास, आपले सकाळचे सात. ‘साआ तातू’ म्हणजे तीन नव्हे, नऊ. बोटीची तिकिटं आपल्या घड्याळाप्रमाणे असतात, पण कुणाशी तोंडी वेळ ठरवताना कोणतं घड्याळ ते विचारा.

आणखी एक. तुमचे पांढरे केस बघून लहान-मोठे सगळे ‘शिकामू’ म्हणतील. वडीलधाऱ्यांना करायचा तो नमस्कार आहे. त्यावर ‘मराहाबा’ म्हणायचं. मी पहिल्यांदा नुसती हसले, तर ती मुलगी उत्तराची वाट बघत उभी राहिली. गाईडने शब्द शिकवला, मी म्हटला, तेव्हा ती पुढे गेली. आपल्याकडेही पाया पडणाऱ्याला आशीर्वाद न देता आपण सोडत नाही.

फेऱ्यात बघायचं काय? समुद्राकाठचा जुना किल्ला ओमानी अरबांनी पोर्तुगीजांना हुसकावल्यावर बांधला. शेजारी सुलतान बरगशचा १८८३ चा महाल, त्याला लोक ‘आश्चर्यांचं घर’ म्हणतात, कारण वीज पहिल्यांदा तिथं आली. २०२० च्या नाताळात त्याचा एक भाग कोसळला. आम्ही गेलो तेव्हा ते बाहेरूनच बघावं लागलं. पलीकडच्या राजवाड्यावर १८९६ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या आणि ते युद्ध पाऊण तासाच्या आत संपलं. शांगानी भागात फ्रेडी मर्क्युरीच्या नावाचं घर दाखवतात. हा गायक जन्मला झांझिबारला आणि शिकला आपल्या पाचगणीच्या शाळेत. या सगळ्याला मिळून मी अर्धा तास दिला असता. खरा वेळ द्या तो गल्ल्यांना, दराजानीला, आणि चौकात छोट्या कपातून मिळणाऱ्या कडू कॉफीला. कॉफी पिणारी म्हातारी माणसं तुमची चौकशी करतील. गाईडला मधे दुभाष्या करा आणि बसा त्यांच्यात.

बोटीतून उतरल्यावर धक्क्यावर जे अंगाला चिकटतात त्यांच्या मागे जाऊ नका. त्यांना तिथले लोकच ‘पापासी’ म्हणतात, म्हणजे गोचीड. एकाने आमच्याकडून आगाऊ पैसे घेतले आणि ‘आत्ता येतो’ म्हणून गेला तो गेलाच. मुक्कामाच्या ठिकाणी सांगून परवाना असलेला गाईड बोलवा, त्याचं ओळखपत्र बघा, आणि पाऊल टाकण्याआधी रक्कम, वेळ आणि तिकिटं त्यात धरली आहेत का, हे तिन्ही बोलून घ्या. वहिनींना साडीच नेसू दे. शहर मुसलमान वस्तीचं आहे, खांदे-गुडघे झाकलेले बरे वाटतात. कुणाचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. कांदा-लसूणही चालत नाही. चालण्याच्या फेरीत खाण्याचे थांबे असतात म्हणे, तर आमचं कसं होईल?
— एक वाचक भगिनी, चिकोडी

उत्तर : ताई, गाईडला आधीच सांगा आणि खाण्याचा थांबा फळांचा करून घ्या. केळी, फणस, अननस, आणि शहाळं, त्याला तिथं ‘मदाफू’ म्हणतात. उसाचा रस आलं घालून पिळतात, तुम्ही आलं नको म्हणून सांगा. फोरोधानी बागेतल्या गाड्यांचं कौतुक सगळे करतात, पण त्या सूर्य मावळताना लागतात आणि मासळी-मांसाच्या शेगड्या शेजारी-शेजारी असतात. तुम्ही चौविहार, म्हणजे सूर्य मावळल्यावर काही न खाण्याचा नेम, पाळत असाल तर तिथं जाऊच नका. ‘उरोजो’ नावाची कैरी-हळदीची आंबट आमटी मिळते, त्यात भजी, बटाटे आणि कधी मांसाचे तुकडेही घालतात, तीही टाळा. घरून भाजणी, मेतकूट आणि खाकरे न्या. दार-ए-सलामला गुजराती भोजनालयं आहेत, त्यांना पाळणूक समजते.

प्रश्न : लस, विमा वगैरे काय लागतं? थोडक्यात सांगा.
— शहापूर, बेळगाव

उत्तर : विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला जाताना आणि परत येताना लागेल का, ते तिकीट काढतानाच विचारा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून आदल्या आठवड्यावर ठेवू नका. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला जाणाऱ्या परदेशी पाहुण्याला तिथला विमा वेगळा काढावा लागतो, इथला चालत नाही. दार-ए-सलामहून बोट सुमारे दोन तासांची, पण पासपोर्ट जवळ हवा. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आपण सगळं कॅरीबॅगेत बांधून नेतो, ते सोडून कापडी पिशव्या घ्या.

प्रश्न : माझी शाळा खानापूर तालुक्यात आहे. वर्गात आफ्रिकी वंशाची सिद्दी मुलं आहेत, घरी कोकणी-मराठी बोलणारी. तुमच्या लेखातला गुलामांच्या बाजाराचा भाग वर्गात वाचून दाखवावा असं मला वाटलं, मग धीर झाला नाही. त्या मुलांना काय वाटेल? तुम्ही त्या जागी उभ्या राहिलात म्हणून विचारते.
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं. मीही तीस वर्षं इतिहास शिकवला आहे.

आमच्या फेरीतली ती शेवटची जागा होती. तोवर बडबड करणारा आमचा गाईड तिथं हळू बोलायला लागला. बाजार १८७३ मध्ये इंग्रजांच्या दबावाखाली सुलतानाने बंद केला आणि त्याच जागेवर ख्रिस्ती मिशनने चर्च उभारलं. जिथं बांधून फटके मारत ती जागा आता वेदीपाशी आहे, फरशीवर खूण केलेली. बाहेर जमिनीत एक खड्डा आहे आणि त्यात पाच दगडी माणसं, गळ्यांत साखळ्या. पुतळे १९९८ चे, साखळ्या मात्र खऱ्या. शेजारची तळघरंही दाखवतात. इथं माणसं कोंडत असं सांगतात, पण ती इमारत मिशनने नंतर बांधली, त्यामुळे इतिहासकारांना त्याबद्दल शंका आहे. वर्गात सांगताना हा फरक ठेवा. बाजार खरा होता, त्याला तळघरांच्या पुराव्याची गरज नाही. बाजार बंद झाल्यावरही गुलामी कायद्याने संपायला १८९७ उजाडलं. आणि ज्या लवंगा आपण मसाल्यात घालतो, त्यांच्या तिथल्या बागा त्याच माणसांच्या कष्टावर उभ्या राहिल्या.

त्या खड्ड्याशी उभी असताना मला खानापूरच्या आठवडी बाजारात पाहिलेल्या एका सिद्दी आजी आठवल्या. बेळगावहून तासाभराच्या अंतरावर ही माणसं राहतात, आणि मी एवढी वर्षं इतिहास शिकवताना त्यांच्याबद्दल एक तासही घेतला नव्हता. ते मला फार लागलं.

म्हणून वाचून दाखवाच, पण सरळ तिथून सुरुवात करू नका. आणि ‘तुमचे पूर्वज या बाजारात विकले गेले’ असं चुकूनही म्हणू नका. ते दुखावणारं आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत बरोबरही नाही. आपल्याकडच्या सिद्दींपैकी पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या जहाजांतून, मोझांबिकच्या बाजूने गोव्याला आणले गेले. आणि तिथून अनेकजण पळाले. घाट चढून या रानांत आले, वस्ती केली, भाषा उचलल्या. मुलांना हे सांगा, की कुणी सोडवायला येण्याची वाट न बघता ही माणसं स्वतः निसटली होती. मलिक अंबर सांगा. इथियोपियातून गुलाम म्हणून विकत विकत दख्खनला आलेला माणूस निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांशी गनिमी काव्याने लढला. १६१० मध्ये त्याने वसवलेलं खडकी पुढे औरंगाबाद झालं.

सुरुवात शब्दांनी करा. फळ्यावर दुका, रांगी, पेसा, म्दलासिनी लिहा आणि सगळ्या वर्गाला ओळखू द्या. मग नकाशा, मग दरवाजे. बाजार तिसऱ्या दिवशी. त्याआधी त्या मुलांच्या आईवडिलांना शाळेत बोलावून तुम्ही काय वाचणार आहात ते सांगा. आणि त्या दिवशी कुणा सिद्दी मुलाला उभं करून ‘तुला काय वाटतं’ विचारू नका. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल.

एक सुचवते. सिद्दी बायका जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात, कडेपासून सुरू करून गोल फिरत मधे येतात. आपली गोधडी आणि ती शेजारी ठेवून बघा. मी दराजानीतून आणलेली एक ‘कांगा’, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड, माझ्याकडे आहे, तिच्या काठाला स्वाहिलीत एक म्हण छापलेली असते. ती मी संपादकांकडे देऊन ठेवते, तुम्ही मागवून घ्या. तीन कापडं एका बाकावर पसरा आणि मुलांना हात लावू द्या. मुलं काय म्हणाली ते मला नक्की कळवा. कांगा परत करण्याची घाई नाही.