सनद कपाटात, अर्ज विलायतेत

प्रश्न : मी इंदूरची, टिळकनगरात राहते. एलएलबीनंतर वकिलीची सनद घेतली, बार परीक्षा पास झाले, एमजी रोडवर हायकोर्टाजवळ एका वकीलसाहेबांकडे चौदा महिने जमिनीच्या केसेस केल्या. मग इंग्लंडमध्ये एलएलएम. सॉलिसिटर व्हायचं म्हणून ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी ३१ अर्ज केले. दोन मुलाखती झाल्या, बाकी नुसते नकार. व्हिसा संपल्यावर परत आले. आई म्हणते, पुरे आता. अजून अर्ज करू का?

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘सनद घेतली’ एवढंच मी दोनदा वाचलं. ३१पैकी किती अर्जांत ते ठळक होतं, खरं सांगा!

ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणजे दोन वर्षांची उमेदवारी. मोठ्या फर्म्स त्या जागा दोन-दोन वर्षं आधी भरून ठेवतात. पण २०२१पासून तिकडे एसक्यूई ही सॉलिसिटर होण्याची परीक्षा आली : पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी कामं. नवख्याला शिवाय दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. परदेशात रीतसर वकील झालेल्याला ही दोन वर्षांची अट नाही. तुम्ही त्यात बसता. म्हणजे जे मागायला ३१ दारं वाजवलीत, त्यावाचून तुमचं अडलेलंच नव्हतं.

आता माझं ऐका. १९८४ साली मी इंदूरहून मुंबईला गेले ते सॉलिसिटर व्हायला. तेव्हा एखाद्या सॉलिसिटरकडे तीन वर्षं आर्टिकल्ड क्लार्क, म्हणजे उमेदवार, राहिल्याशिवाय सॉलिसिटर होता येत नसे. फोर्टातल्या सात ऑफिसांनी नाही म्हटलं. आठव्या ठिकाणी म्हातारे हेडक्लार्क माझं पत्र वाचून म्हणाले, “‘आपल्या नामांकित फर्ममध्ये’ हे सगळेच लिहितात हो. तुम्हाला येतं काय?” मी चिडून म्हटलं, मोडी वाचता येते. आजोबा होळकरांच्या दप्तरात होते, त्यांनी शिकवली होती. हेडक्लार्कांनी कपाटातून ठाण्याकडच्या एका जमिनीचं जुनं खरेदीखत काढून पुढ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर! टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, तपासायला मोडी वाचणारं माणूस त्यांना हवंच होतं, आणि मी पत्रात काय लिहिलं होतं, तर कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेतलं बक्षीस.

चौदा महिने खसरे, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदी, पाहून मालकी कुठे तुटते ते शोधलंत ना? तिकडच्या घर-जमिनीच्या व्यवहारांत, कन्व्हेयन्सिंगमध्ये, नजर तीच लागते. कायदा वेगळा, तो परीक्षेसाठी शिकालच. एखादी केस निवडा, त्यात तुम्ही स्वतः काय शोधलं ते चार ओळींत लिहा.

मात्र अट नाही म्हणजे नोकरी ठेवलेली आहे असं नव्हे. फर्मकडे व्हिसा स्पॉन्सर करायचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी तिथलं गृहखातं प्रसिद्ध करतं. अर्जाआधी ती पाहा, म्हणजे निम्मे टपालहेलपाटे वाचतील. पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावरून देता येतो, पण फी पाउंडांत आहे, तेव्हा आईंशी आधी हिशेब करा. ‘पुरे’ म्हणतात त्यात पैशाची काळजीच जास्त असेल. तोवर वकीलसाहेबांकडे परत जा. घरी बसून अर्ज लिहिले की ते रडके होतात.

नव्या अर्जाचा पहिला परिच्छेद मला पाठवा. ‘नामांकित’ दिसलं, तर तसाच परत येईल.