गटाचं नाव वाचून क्रॉस ठरवू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

कंपनीच्या मका विभागात रुजू झालीस, फार आनंद झाला. हातात आलेल्या लाइन्सच्या (पिढ्यान्पिढ्या स्वपरागणाने स्थिर केलेल्या, म्हणजे इनब्रेड मक्याच्या) यादीत प्रत्येकीपुढे 'गट अ' किंवा 'गट ब' लिहिलंय, तेवढ्यावर क्रॉस, म्हणजे कोणाचा कोणाशी संकर, ठरवायचे का, असं तू विचारलंस. नको. आधी प्रत्येक लाइन कुठून आली ते शोध.

हे गट, म्हणजे एकमेकींशी संकर केल्यावर चांगला जोम देणाऱ्या लाइन्सच्या दोन बाजू, निसर्गाने आखून दिलेले नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्न बेल्टचंच, म्हणजे मक्याच्या पट्ट्याचंच बघ. १८४६ मध्ये रॉबर्ट रीड ओहायोहून इलिनॉयला गेला. सोबत नेलेल्या मक्याची पेरणी उशिरा झाली, बी नीट पक्व झालं नाही आणि पुढच्या वर्षी उगवण विरळ झाली. त्याने नांग्या भरल्या त्या तिथल्या लवकर येणाऱ्या पिवळ्या मक्याने. दोघांचा शेतातच संकर झाला, पुढे त्याच्या मुलाने निवड करत नेली, आणि रीड यलो डेंट हा वाण तयार झाला. तिकडे पेनसिल्व्हेनियात आयझॅक हर्शीने लँकेस्टर शुअर क्रॉप हा वाण जोपासला. १९३० च्या दशकात मक्याचे ब्रीडर जॉर्ज स्प्रेग यांनी ताठ खोडाच्या १६ इनब्रेड लाइन्स एकत्र करून स्टिफ स्टॉक सिंथेटिक हे मिश्र वाण उभं केलं. त्यातूनच बी-१४, बी-३७ आणि १९७२ मध्ये बी-७३ आली. बी-७३ आणि लँकेस्टरचा वारसा असलेली एमओ-१७ यांचा संकर जोरदार उत्पादन देतो हे दिसल्यावर ब्रीडर्सनी दोन्ही बाजू वेगळ्या सांभाळल्या. स्टिफ स्टॉक आपसात सुधारायचा, समोरची बाजू आपसात, आणि संकर फक्त दोघांमध्ये. या शिस्तीने दोन गटांमधलं अंतर वाढत गेलं, तसा प्रत्येक गट आतून अरुंदही होत गेला.

म्हणून नावांवर जाऊ नकोस. ए-६३२ ही मिनेसोटाची लाइन. यादीत बी-१४ शेजारी दिसली तर दोन वेगळ्या जागच्या वाटतील. पण ए-६३२ बनली आहे बी-१४ शी पुन्हा पुन्हा बॅकक्रॉस करून, म्हणजे संततीचा परत त्याच पालकाशी संकर करून. नात्याने ती तिची लेकच. अशा दोन लाइन्स घेऊन 'विविधता आहे' म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

आणि वंशावळ पाहताना आईची बाजू विसरू नकोस. यावर मी जरा जास्त लिहितोय, कारण नव्या मुलांच्या वह्यांत हाच रकाना कोरा असतो.

संकरित बी तयार करताना मादी ओळींचे तुरे पराग सांडण्याआधी खुडावे लागतात. फेरीमागून फेरी, भर उन्हात. टेक्सास सायटोप्लाझममुळे हे कष्ट वाचले (सायटोप्लाझम म्हणजे पेशीतला केंद्रकाबाहेरचा, आईकडून येणारा भाग): तुरा येतो, पण त्यातून चांगला पराग सुटतच नाही. कंपन्यांनी तो सगळीकडे वापरला. १९७० साली अमेरिकेतल्या सुमारे ८५ टक्के मक्यात तोच होता. शेकडो संकरित वाण, नावं वेगळी, केंद्रकातली जनुकंही बऱ्यापैकी वेगळी, पण मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे सायटोप्लाझममधले पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, सगळ्यांचे एकाच आईचे. त्या वर्षी मेडिस करपा या बुरशीजन्य रोगाची 'टी' रेस (उपप्रकार) फ्लोरिडाकडून वर सरकली. पानांवर डाग, मग खोडावर, कणसाच्या सालींवर, शेवटी दाण्यांवर काळी बुरशी. तिचं विष नेमकं त्याच मायटोकॉन्ड्रियांवर चालायचं. देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. याची चाहूल आधीच लागलेली होती. फिलिपाइन्समधल्या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा सायटोप्लाझम रोगाला बळी पडतो असं लिहून ठेवलं होतं. मला आजही याचीच जास्त हळहळ वाटते.

मार्करचा, म्हणजे डीएनएवरच्या खुणांचा, अहवाल जरूर वाच. कोण कोणाचं नातेवाईक हे तो वंशावळीपेक्षा खरं सांगतो, कारण वंशावळी लिहिताना माणसं चुकतात. पण कोणता संकर शेतात चालेल हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी लाइन दोन्ही बाजूंच्या टेस्टरशी (पारख करण्यासाठी ठरवलेल्या लाइनशी) जोडायची, एकाहून जास्त ठिकाणी लावायची आणि उत्पादन मोजायचं. जिच्याशी जोम दिसला, तिच्या समोरच्या गटात ही लाइन. आपल्या उष्ण प्रदेशातल्या मक्यात तर हे जास्तच लागू, कारण इथलं बरंचसं साहित्य मिश्र उगमाचं आहे आणि गटांच्या कडा पुसट आहेत. दोन्ही टेस्टरशी बरी वागणारी लाइन भेटली तर ओढूनताणून गटात कोंबू नकोस.

नवं रक्त आणायला वेळ लागतो हेही वरिष्ठांना सुरुवातीलाच सांग. बाहेरचं साहित्य पहिल्या पिढीत उशिरा फुलतं, लोळतं, आणि समितीला ते टाकून द्यावंसं वाटतं. अमेरिकेत मक्याच्या जर्मप्लाझमच्या, म्हणजे ब्रीडिंगच्या मूळ साहित्याच्या, सुधारणेच्या 'जेम' प्रकल्पात सरकारी संस्था आणि कंपन्या एकत्र आल्या, ते याचसाठी. परदेशी मका आधी एका चांगल्या लाइनशी जोडायचा आणि मग निवड करायची, हे एकट्याने झेपणारं काम नाही. तुझ्या क्रॉसिंग ब्लॉकमध्ये (संकर करायच्या शेततुकड्यात) निदान काही ओळी त्यासाठी मागून घे.

क्रॉसिंग ब्लॉकची आखणी करण्याआधी प्रत्येक लाइनपुढे चार रकाने भर: बाप, आई, सायटोप्लाझम, आणि कोणत्या टेस्टरशी काय निघालं. बियाण्याच्या गोदामातल्या जुन्या माणसांना विचार, त्यांच्या नोंदवह्यांत पुष्कळ सापडतं. नावं मला पाठवू नकोस, ती कंपनीची आहेत. पण किती रकाने कोरे राहिले, तेवढं मात्र कळव.